मधल्या भोकातला पाणघोडा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. दीड वीत लांब, दीड वीत रुंद, तीन बोटं जाड. अंगावर पंचवीस भोकं आहेत, पाच ओळींत पाच-पाच. त्यांतली चोवीस सरळ आहेत आणि कोपऱ्यातलं एक वाकडं आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, हे काय आहे बुवा? पेनं ठेवायचं काही आहे का? नाही, मित्रांनो. पेन्सिलीही ठेवल्या गेल्या माझ्यात, सुताराच्या पटाश्याही, पण तो माझा पडता काळ. माझा जन्म प्राण्यांसाठी झाला. काडीवर बसणाऱ्या, केकच्या, खाता येणाऱ्या प्राण्यांसाठी.

खरं तर मी जिन्याची पायरी होणार होतो. एका डॉक्टरांच्या घरी सोळा पायऱ्यांचा जिना होता, आणि माझी भावंडं तिथे आजही लोकांचे पाय झेलत आहेत. मी शेवटच्या फळीचा उरलेला तुकडा. सुतार मला घेऊन घरी आला आणि दुकानाच्या कोपऱ्यात टाकून विसरला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यांतली एक स्वयंपाकघर, असं ते घर होतं. त्या घरात सुतार आणि त्याची आठ वर्षांची मुलगी, दोघंच राहत होती.

मुलीला तो खारूताई म्हणायचा. तिला जेवताना घास गालात साठवून ठेवायची सवय होती म्हणून. बोलणंही ती तसंच साठवून ठेवायची. मनात खूप काही असायचं, पण बाहेर यायचं ते 'हो', 'नाही' किंवा 'असू दे'. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी त्या माऊलीला पाहिलं नाही. तिचा ओव्हन पाहिला, तिचा हुकावर टांगलेला एप्रन पाहिला, आणि तिची पाककृतींची वही पाहिली. त्या वहीने सुताराला अगदी रडकुंडीला आणलं होतं.

झालं असं की, मुलीला त्या वहीत एक पान सापडलं. काडीवर लावलेले प्राणी पेन्सिलीने काढले होते आणि वर लिहिलं होतं, 'केकपॉप. हिच्या वाढदिवसाला करायचे.' ते कधी झालेच नव्हते. मुलगी वही घेऊन बापासमोर उभी राहिली. नववा वाढदिवस पुढच्या सोमवारी होता. शाळा नवी होती, वर्गात ती धरून पंचवीस मुलं होती, आणि तिला प्रत्येकाला एक प्राणी न्यायचा होता.

सुताराने रंधा खाली ठेवला आणि वही वाचायला घेतली. त्यात होतं, 'पीठ अंदाजाने. लोणी सढळ हाताने. दूध मावेल तेवढं.'

"अंदाजाने म्हणजे किती?" त्याने विचारलं. मुलगी काय सांगणार! "अशा मापाने मी खिडकी केली तर ती भिंतीत बसेल का?"

तरी त्याने केक केला. तो असा झाला की कुस्करायला पॉलिशपेपर घ्यावा लागला असता. त्या दिवशी दोघांनी तो दुधात भिजवून गुपचूप खाल्ला.

सोडवणूक झाली ती मुलीच्या मैत्रिणीमुळे. मैत्रीण म्हणजे वर्गातली तिच्या बाकावरची मुलगी. गल्लीच्या टोकाला तिच्या वडिलांची बेकरी होती. नव्या शाळेत खारूताईला तीन महिने झाले होते आणि तेवढ्यात तिच्याशी बोलणारी ही एकटीच होती. ही दोघींच्या वाटचं बोलायची, त्यामुळे जोडी छान जमली होती. मोठे केक चौकोनी कापताना कडा उरतात. त्या कडा डब्यात भरून ती शनिवारी सकाळी आमच्या दारात हजर झाली.

"काका, हे घ्या. आमचे बाबा म्हणाले, कुस्करायचाच आहे तर नवा कशाला करता?"

त्याच सकाळी माझा जन्म झाला. काड्या उभ्या कशात करायच्या, असा प्रश्न पडला तेव्हा सुताराची नजर कोपऱ्यात माझ्यावर गेली. त्याने मला रंध्याने साफ केलं, अंगावर पेन्सिलीने रेघा आखल्या, काटकोन बघायच्या गुण्याने तपासल्या आणि गिरमिट घेऊन भोकं पाडायला सुरुवात केली. गिरमिट म्हणजे हाताने फिरवून भोक पाडायचं हत्यार. गुदगुल्या होतात म्हणा किंवा कळ येते म्हणा, काहीही म्हटलं तरी चालेल. चोवीस भोकं काटकोनात पडली. पंचविसावं पाडताना आतून दोघी मुली इतक्या जोरात हसल्या की त्याने मान वळवली. त्या घरात असं हसणं फार दिवसांनी ऐकू आलं असावं. त्या क्षणी त्याचा हात कलला.

सुतार फार खट्टू झाला. "खुंटी ठोकून बुजवतो आणि नवं पाडतो," म्हणाला. माणूस कामाचा पक्का होता, त्यामुळे चूक डोळ्यांसमोर सहन व्हायची नाही.

मैत्रिणीने त्या भोकात बोट घालून पाहिलं. "राहू द्या ना काका. वाकडं आहे म्हणून हेच आधी दिसतं."

खारूताईने मान डोलावली. मग काय, वाकडं भोक राहिलं.

तो शनिवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस. दोघींनी केकच्या कडा बोटांनी चुरल्या, त्यात थोडं क्रीम घातलं आणि लिंबाएवढे गोळे वळले. गोळे फ्रीजमध्ये थंड झाले. मग काड्या खुपसल्या, गोळे वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवले आणि माझ्यात उभे केले. पहिला मान सशाचा होता. बदामाच्या कापांचे कान लावले, साखरमण्यांचे डोळे लावले, आणि तेवढ्यात ससा काडीवरून सावकाश घसरत खाली आला आणि माझ्या छातीवर बसला. पाठोपाठ दुसरा घसरला, मग तिसरा. मुली पोट धरून हसत होत्या. सुतार मात्र कपाळावर हात मारून उभा राहिला.

"मीच तो मूर्ख! सरस न लावता खुंटी कधी बसते का?"

सरस म्हणजे सुतारांचा डिंक. सांध्यात खुंटी बसवण्याआधी तिला सरस लावायचा, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण केक म्हटल्यावर तो आपलं सुतारकाम विसरला होता. मग प्रत्येक काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवलं, गोळ्यात अर्ध्यापर्यंत खुपसलं आणि घट्ट होईपर्यंत तिघंही थांबली. त्यानंतर एकही प्राणी घसरला नाही. कानामागे पेन्सिल लावून तो दांडगा माणूस सशाच्या कानांतलं अंतर मोजत होता. मैत्रीण जाताना म्हणाली, "काका, तुम्ही बेकरीत या कामाला." तो लाजला होता, मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खरे पंचवीस करायचे होते. त्या दिवशी खारूताईने मैत्रिणीला बोलावलं नाही. तिला कोणता प्राणी मिळणार हे गुपित ठेवायचं होतं.

मित्रांनो, गप्प माणसं फार बघतात. तीन महिने ती मुलगी वर्गात कुणाशी फारशी बोलली नव्हती, पण तिने सगळ्यांना नीट पाहिलं होतं. जो सगळ्यांच्या आधी पळत मैदानावर जातो त्याला ससा. चष्मा लावून टुकूटुकू पाहणाऱ्याला घुबड, बिस्किटाच्या गोल डोळ्यांचं. जिचे केस कधीच बांधून राहत नाहीत तिला सिंह, भोवती चॉकलेटच्या शेवयांची आयाळ. स्वतःसाठी खार, शेंगदाण्याच्या पाकळ्यांचे कान आणि पाठीमागे झुपकेदार शेपूट. खार वाकड्या भोकात उभी राहिली.

आणि अगदी मधल्या भोकासाठी, तेराव्या, तिने पाणघोडा करायला सांगितला.

पाणघोड्याने सुताराचा घाम काढला. त्याचं थोबाड मोठं, ते काही केल्या चिकटून राहीना. दोनदा गळून पडलं. शेवटी सुताराने बिस्किटाची बारीक कांडी आतून खुंटीसारखी घातली आणि थोबाड बसवलं. आगपेटीच्या काडीने नाकपुड्या दाबल्या, तांदळाएवढे दोन पांढरे दात लावले. राखाडी रंग मनासारखा येईपर्यंत खारूताई चॉकलेट ढवळत राहिली.

"हा कुणाचा?" बापाने विचारलं.

"तिचा."

"चांगला झालाय."

"सगळ्यात भारी तिचाच," ती म्हणाली. एका दमात तीन शब्द म्हणजे तिच्या मानाने भाषणच झालं.

पाणघोडाच का, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिच्या मैत्रिणीचं अंग चांगलं भरलेलं होतं, गाल गुबगुबीत होते, बेकरीवाल्यांची लेक शोभायची. पण खारूताईच्या मनात ते नव्हतंच. बापाच्या मनातही आलं नाही. त्या घरात 'थांब गं, तिला काय वाटेल?' असं विचारणारं कुणी राहिलं नव्हतं. आणि मी ठोकळा, मला तर काहीच कळलं नाही. मी आपला ऐटीत बसलो होतो, पंचवीस प्राणी अंगावर घेऊन.

सोमवारी सुताराने मला खोक्यात घालून शाळेत पोचवलं. बाईंनी मला टेबलावर ठेवलं. सगळ्या वर्गाने एकदम 'ओ' केलं, आणि तो 'ओ' ऐकून मला जिन्याच्या पायऱ्यांची कीव आली. खारूताई एकेक काडी उपसून एकेकाला देत होती. घुबडवाल्याने घुबड चष्म्याजवळ नेलं आणि दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सिंहवाली डरकाळी फोडून मोकळी झाली. मग खारूताईने मधली काडी काढली, दोन्ही हातांत धरली आणि आपल्या बाकापाशी गेली.

मैत्रिणीने पाणघोडा हातात घेतला. तिने त्याचे दात पाहिले. मला अजून वाटतं, ती हसणारच होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "पाणघोडा कुणाला? पाणघोड्याला!"

वर्गात एकच हशा फुटला. मुलं बाक बडवून हसली. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली, पण उशीर झाला होता. मैत्रिणीचे कान लालबुंद झाले. तिने खारूताईकडे पाहिलं. ती वाट बघत होती, मित्रांनो. ही काहीतरी बोलेल, 'तसं नाही गं' एवढं तरी म्हणेल, याची वाट. खारूताईचं तोंड उघडलं. तोंडात शब्द होते, मी शपथेवर सांगतो, पण ते गालातच राहिले.

मैत्रीण उठली, टेबलापाशी आली आणि तिने पाणघोडा परत माझ्या मधल्या भोकात खुपसला, इतक्या जोरात की त्याच्या मानेला तडा गेला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्यावर दोनच प्राणी होते, कोपऱ्यात खार आणि मध्ये पाणघोडा.

"उरला का हा?" सुताराने विचारलं.

"हो."

"आली नव्हती का ती?"

खारूताई हात धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने बाक बदलला. ते वर्ष संपेपर्यंत आणि पुढचंही अख्खं वर्ष पोरं तिला पाणघोडा म्हणत राहिली. त्यातली प्रत्येक हाक खारूताईच्या कानावर पडत होती. हे मला कसं कळलं? ती मला सांगायची. बापाला नाही, मला. स्वयंपाकघराच्या फळीवर मी असायचो आणि शाळेतून आल्यावर ती माझ्या भोकांतून बोट फिरवत पुटपुटायची. माझ्यासमोर तिला बोलता यायचं. पण मला सांगून काय उपयोग होता?

पुढच्या वाढदिवसाला तिने शाळेत काही नेलं नाही. घरी मात्र दोन प्राणी केले, एक खार आणि एक पाणघोडा. आता केकच्या कडा नव्हत्या. सुतार वही समोर ठेवून, वजनकाट्यावर तोलून, कागदावर आकडे मांडून केक करायला शिकला होता. पाणघोडा कागदात गुंडाळून खारूताई बाहेर गेली आणि पाव तास झाल्यावर तशीच परत आली. ती बेकरीच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहिली होती. काचेपलीकडे मैत्रीण पाव मांडत होती. रस्ता ओलांडायचा तेवढा राहिला.

तो पाणघोडा तीन दिवस माझ्यात उभा होता. अंगावरची चमक गेली आणि मुंग्यांची रांग माझ्या कडेने वर चढली, तेव्हा सुताराने त्याला उचललं, मुंग्या झटकल्या आणि खाऊन टाकला.

"बोलत नाही का गं ती तुझ्याशी?"

"असू दे," ती म्हणाली.

बिचारा सुतार. लाकडाला तडा गेला असता तर त्याने हात घातला असता. याला हात कुठून घालायचा, ते त्याला कळेना. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण दर वर्षी त्या तारखेला पाणघोडा झाला. दहाव्या वर्षी, अकराव्या, पंधराव्या, अठराव्या. मधल्या भोकात तो तीन दिवस उभा राहायचा आणि मग बाप तो खायचा. अठराव्या वर्षी तर मैत्रीण लग्न होऊन दुसरीकडे गेली होती, तरीही झाला. मग खारूताईला बाहेरगावी चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली. लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासायचे, फार बोलावं लागत नाही, वाचा म्हणायचं आणि ऐकायचं. ती गेली आणि माझ्यावर प्राणी उभे राहणं थांबलं.

यापुढचं सांगताना मला थोडी लाज वाटते. फळीवरून मी दुकानात आलो. आधी पेन्सिली, मग गिरमिटाची पाती, मग पटाश्या. एकदा सरसाचं भांडं माझ्यावर कलंडलं आणि दोन भोकं बुजली. पटाश्यांसाठी सुताराने नवा कप्पा केला, तेव्हा मला कामच उरलं नाही. दुकानाचं दार वाऱ्याने आपटायचं म्हणून त्याने मला दाराशी ठेवलं. ज्याने कधी सिंह मिरवले, घुबडं मिरवली, तो मी आता दार अडवत होतो. येणारेजाणारे मला पायाने सरकवायचे. म्हणजे शेवटी पायच झेलायचे होते, तर जिन्यात काय वाईट होतं?

पण खरं दुःख पायांचं नव्हतं. सुतारही म्हातारा होत चालला होता. दुपारी तो दुकानातच डबा उघडायचा आणि कामाच्या मेजावर एकटा जेवायचा. कधी माझ्याकडे पाहून म्हणायचा, "काय रे, रविवारी फोन येईल ना तिचा?" फोन यायचा. 'जेवलात?' 'हो.' 'तू?' 'हो.' बोलणं साठवायची सवय मुलीने कुणाकडून उचलली होती, ते मला तेव्हा उमगलं. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ रंधा हातात घेऊन नुसता बसायचा. आम्ही दोघंही रिकामे होतो, आणि एकमेकांचा आम्हाला काही उपयोग नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी दुकानाच्या दारात कुणीतरी माझ्यावर जोरात ठेचकाळलं.

"आई गं! अहो काका, दारात काय ठेवलंय हे?"

अंगाने भरलेली, हातावर पिठाचे डाग असलेली एक बाई. वडिलांच्याने आता होत नाही म्हणून ती नुकतीच बेकरी सांभाळायला परत आली होती. ट्रे ठेवायच्या लाकडी मांडणीचा पाय मोडला होता, तो दुरुस्त करून हवा होता. कुणी पुन्हा अडखळू नये म्हणून तिने मला उचलून मेजावर ठेवलं. ठेवता ठेवता तिचं बोट कोपऱ्यातल्या भोकात गेलं आणि तिथेच थांबलं.

"हे... ते आहे?"

"तेच," सुतार म्हणाला. त्याला वाटलं, तिला आनंद होईल. "तुला आठवतंय? तुझा पाणघोडा असायचा यात."

तिचा चेहरा मिटला. बोट तिने काढून घेतलं. "आठवतंय. दोन वर्षं सगळी शाळा मला त्याच नावाने हाका मारत होती."

सुताराच्या हातातली पेन्सिल खाली आली. बावीस वर्षांत ही गोष्ट त्याला पहिल्यांदा कळत होती. तो म्हणाला, "आणि ती दर वर्षी करत राहिली."

"काय?"

"पाणघोडा. नोकरीला जाईपर्यंत दर वाढदिवसाला एक. तुझ्यासाठी. तू काही आली नाहीस, मग मी खायचो."

"माझ्यासाठी? काका, पण पाणघोडाच का?"

सुतार आत गेला. ओव्हनच्या वरच्या कपाटातून वही घेऊन आला आणि ते पान उघडून तिच्यासमोर धरलं. इतकी वर्षं मी ती वही लांबूनच पाहिली होती, पान पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. त्यावर तीनच प्राणी होते. एका बाजूला अस्वल, दुसऱ्या बाजूला खार, आणि मधोमध मोठा, तोंडभर हसणारा पाणघोडा. अस्वलाखाली लिहिलं होतं 'हे'. बायको नवऱ्याला म्हणते, तसं. खारीखाली लिहिलं होतं 'ही'. आणि पाणघोड्याखाली लिहिलं होतं 'मी'.

"तिची आई तुझ्यासारखीच होती अंगाने," सुतार म्हणाला. "स्वतःलाच पाणघोडा म्हणायची आणि हसायची. घरात सगळ्यात मोठा आवाज तिचा होता." त्याने वही मिटली नाही. "पोरीने तुला आईचा दिला होता. तिच्याकडे त्याहून भारी काही नव्हतं."

बेकरीवाली मेजाला टेकून उभी राहिली. रडली म्हणू की नाही मला ठरवता येत नाही, कारण पिठाच्या हाताने तिने चेहरा पुसला आणि मग सगळंच पांढरं झालं. ती म्हणाली, "काका, हा ठोकळा मला चार दिवस देता?"

सुताराने माझी सरसाने बुजलेली दोन्ही भोकं गिरमिटाने मोकळी केली. वाकड्या भोकापाशी तो थांबला. "हे एवढं बुजवून सरळ करू का?"

"हात लावू नका," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी अजून दुकानातच होतो, तेव्हा सुताराने स्वतःहून फोन लावला. दोघांनी जेवल्याची चौकशी केली. मग तो म्हणाला, "या रविवारी ये. मी बोलावतोय म्हणून ये." एवढं लांब वाक्य ऐकून मुलगी घाबरलीच असणार, कारण ती शनिवारीच आली.

रविवारी सकाळी मी बेकरीतून घरी परतलो, बावीस वर्षांपूर्वी निघालो होतो तसाच खोक्यात बसून. स्वयंपाकघराच्या टेबलावर बेकरीवालीने मला बाहेर काढलं. माझ्यावर दोनच प्राणी होते. मध्ये पाणघोडा आणि वाकड्या भोकात खार. पाव भाजायची सवय असलेल्या त्या बाईला ही बारीक कलाकुसर काही जमली नव्हती. पाणघोड्याचा एक दात मोठा झाला होता आणि खारीचे कान चार दिशांना होते म्हटलं तरी चालेल, जरी ते दोनच होते.

खारूताई टेबलापाशी उभी होती. तिच्या केसांत आता एखाददुसरी पांढरी बट दिसत होती. तिने खारीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"शेपूट उलटी लावलीयेस."

"माहीत आहे. खायचीय ना तुला, का भिंतीला टांगायचीय?"

खारूताई हसली नाही. तिचं तोंड उघडलं आणि मला धडकी भरली, कारण ते तसंच उघडलेलं तोंड मी एकदा पाहिलं होतं. ओट्यापाशी सुतार उभा होता.

"तो आईचा होता," ती म्हणाली.

"काकांनी दाखवलं मला पान." बेकरीवालीने मधल्या भोकातून काडी उपसली. "तेव्हाच सांगायचंस ना गं, वेडे."

"सांगता आलं नाही."

"मलाही विचारता आलं असतं," असं म्हणून तिने पाणघोड्याचं डोकं एका घासात खाल्लं. गाल फुगवून, तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "काका, दर वर्षी तुम्ही एकट्याने खाल्लात होय हा?" तेव्हा कुठे खारूताई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि बापाने घाईघाईने पाठ फिरवून नळ सोडला.

मित्रांनो, यापुढे सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. खारूताई सोमवारी नोकरीवर गेली. सुतार आजही दुपारी एकटाच जेवतो. पण रविवारचे फोन थोडे लांबले आहेत, आणि शनिवारी बेकरीतून केकच्या कडांचा डबा येतो. मी स्वयंपाकघराच्या फळीवर परत आलो आहे. सुताराने मला ओल्या फडक्याने पुसलं, वर तेलाचा हात फिरवला. माझी भोकं बहुतेक वेळा रिकामीच असतात. दुपारी घर शांत झालं की मी ती बावीस वर्षं मोजत बसतो. किती पाणघोडे माझ्यात उभे राहिले आणि कुणी न्यायला आलं नाही. एका वाक्याचं काम होतं ते.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं लाकूड दाराशी पडलं असेल. त्याला लाथ मारण्याआधी एकदा उचलून पाहा. आणि कुणाला काही मनापासून द्याल, तेव्हा ते का दिलं, हे सांगायला विसरू नका. मला पंचवीस भोकं आहेत, पण तोंड एकही नाही. तुम्हाला आहे.